अबुधाबीच्या प्रदर्शनातलं आमचं प्लायवुडचं क्षेपणास्त्र

अबुधाबीला शस्त्रांच्या प्रदर्शनाचे स्टॉल उभे करायचेत, कोण येतो, असं आमचा फोरमन कदममामा विचारत होता. त्याचं बोलणं संपायच्या आत माझा हात वर. दुबईत अल क्वोजच्या वर्कशॉपात दोन वर्षं ऑफिसांची कपाटं ठोकून कंटाळलो होतो. आम्ही सावंतवाडीकडचे सुतार, त्यात मी सातवीतनं पळालेला. रणगाडे फुकट बघायला मिळणार म्हटल्यावर कोण थांबतो?

तुम्ही जाणार असाल तर दुबईहून शेअर टॅक्सी बरी. पंचवीस दिरहम, म्हणजे तेव्हाचे तीनशे रुपये, असा मामाने मोठ्याने हिशेब केला आणि आम्हाला पिकअपमध्ये लाकडांवर बसवलं. दोन तास सरळ रस्ता, दोन्हीकडे वाळू. वाटेत मल्याळ्याच्या हॉटेलात पराठा-अंडाकरी खा. हॉलमध्ये एसी कडक, स्वेटर न्या.

तिथे पोचल्यावर कळलं, उद्घाटनाच्या दिवशी बांधणारे सगळे बाहेर. म्हणजे स्वयंपाक आपण करायचा आणि पंगत उठल्यावर पत्रावळ्या उचलायला यायचं. मी मनात म्हटलं, बघू.

आमच्या वाट्याला सर्बियाचा स्टॉल आला. त्यांचा माणूस मिलान, पांढऱ्या मिशांचा, पूर्वी विमानविरोधी तुकडीत होता. त्याचं मांडायचं क्षेपणास्त्र, तेही नुसतं मॉडेलच, बंदरात अडकलेलं. बिचारा रिकाम्या चौथऱ्याभोवती फेऱ्या मारत होता. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये मी सांगितलं, प्लायचं बनवून देतो, बदल्यात मला आत यायचा पास दे.

तो हसत हसत माझ्या हत्यारांच्या पेटीवरच बसला. म्हणाला, लढाईत त्यांच्याकडे लाकडाच्या तोफा आणि रडार बनवून शेतात ठेवायचे. लांबून विमानं यायची आणि त्यांच्यावर बॉम्ब टाकून जायची. एवढे महागडे बॉम्ब लाकडाने खाल्ले! माझी छाती फुगली.

दोन दिवसांत उभं केलं. आत प्लायच्या कड्या, वरून पातळ प्लाय गुंडाळलेली, मागे माशाच्या परांसारखे पंखे, फटींत लांबी भरून वर पांढरा रंग. शेवटी तेलात कुंकू कालवून टोकाला टिळा लावला. आमच्या घरातनं पाळणासुद्धा टिळ्याशिवाय बाहेर पडत नाही.

मिलानने तो बघितला आणि डोकं धरलं. त्याच्या कारखान्यात लाल ठिपका म्हणजे तपासणीत नापास झालेला माल. त्याने फडक्याने पुसलं तर ठिपक्याचा पेरूएवढा डाग झाला. पुन्हा रंग द्यायला वेळ नव्हता. पास दिला, पण अट घातली: दिवसभर याच्याशेजारी उभं राहायचं, हलायचं नाही. मामा कानात म्हणाला, "घे, आता बघ रणगाडे."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक मोठा अरब साहेब लवाजम्यासकट आला. आधी टोकावर बोट फिरवलं. मग बोटं मुडपून हात वर केला, वाजवून बघायला. वाजलं असतं तर दाराचा आवाज आला असता. मिलानचा चेहरा क्षेपणास्त्रापेक्षा पांढरा पडला.

मी म्हटलं, "वेट पेंट, सर."

साहेबाने बोट बघितलं. लालभडक. हसला, रुमालाला पुसलं आणि पुढे गेला.

मिलानने साहेब दिसेनासा होईपर्यंत वाट बघितली. मग माझी पाठ थोपटून म्हणाला, "यल्ला, जा."

संध्याकाळपर्यंत सगळं पालथं घातलं. तोफा, रणगाडे, गरागरा फिरणारं रडार. पण खोड लागली होती. कुणाचं लक्ष नसलं की प्रत्येक वस्तू नखाने वाजवून बघत होतो. बहुतेक सगळ्या लोखंडी निघाल्या. बहुतेक.

प्रदर्शन उठल्यावर मिलानने टोक कापून मागितलं, टिळ्यासकट. घरी दाखवणार म्हणाला. उरलेलं मी पिकअपमध्ये टाकून आणलं. आता आमच्या खोलीत त्यात आठ जणांच्या चपला राहतात. मामा म्हणतो, पंखे तरी काढ, जाता-येता पायाला लागतात.

मी काढत नाही.