हळद लागलेली किल्ली

लग्नात सासऱ्यांनी मला खिशातलं घड्याळ दिलं. ते चोपड्याचे शेतकरी. स्वतः कधी घड्याळ वापरलं नाही. त्याला रोज किल्ली द्यायची हे मी विसरे, म्हणून ते काम बायकोने आपल्याकडे घेतलं. देवपूजा झाली की हळदीच्या बोटांनीच ती किल्ली देई. किल्लीच्या बारीक दातांत हळद जाऊन बसली होती. शाळेतली पोरं म्हणत, "मास्तरांच्या घड्याळाचीही पूजा होते."

आषाढात ती गेली. शय्यादानासाठी गादी, छत्री, वहाणा मांडल्यावर गुरुजींनी विचारलं, "त्यांच्या रोजच्या हातातलं काही राहिलं का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "घड्याळ." ते तर माझं होतं. पण दानाला बोललेली वस्तू मागे घेता येईना. गुरुजींनी ते उपरण्यात बांधलं.

पुढे हात सारखा रिकाम्या खिशाकडे जाई. दिवाळीच्या सुट्टीत तसंच दुसरं घ्यायला धुळ्याहून जळगावला गेलो. घड्याळवाल्याने पुढे मांडलेल्या जुन्या घड्याळांतलं एक मी उचललं, ते खाली ठेववेना.

"भाऊ, घड्याळ घेताय की मुलगी बघताय?"

"हे आलं कुठून?"

"माल येतो, जातो. आम्ही गोत्र विचारत नाही."

घरी उजेडात पाहिलं. किल्लीच्या दातांत पिवळं होतं.

माझी थोरली बहीण, अक्का, लहानपणीच विधवा झालेली, माझ्याकडेच राहते. तिला दाखवलं तशी ती मागे सरली. "देल दान परत लयना का भाऊ? आते ती कशी जाई?" दान दिलेली वस्तू घरात परत आली की गेलेलं माणूस वाटेतून फिरतं, असं आमच्याकडे मानतात. उद्याच कुणाला तरी देऊन टाक, म्हणाली. मी शिकलेला माणूस. हळद काय, कुणाच्याही बोटांना असते, असं म्हणून हसलो.

सवयीप्रमाणे किल्ली द्यायला विसरलोच. चार दिवसांनी आठवलं, तर घड्याळ चालत होतं. किल्ली फिरवून पाहिली, फिरेना. पूर्ण दिलेली होती.

"अक्का, तू दिलीस?"

"मी हात लावसू त्याले?"

मग एका सकाळी अंथरुणातच ऐकलं. देवघराकडून किल्लीची करकर. बायको मधे थांबून बोटं बदलायची. ते थांबणंही ऐकू आलं. बाहेर अंगणात अक्काच्या केरसुणीचा आवाज वेगळा येत होता. मी उठलो नाही. उठलो असतो तर ती थांबली असती, असं वाटलं.

अक्काची झोप उडाली. तिचा माझ्या बायकोवर जीव होता. तिला अडकवून ठेवू नकोस, एवढंच ती म्हणे. शेवटी वर्षश्राद्धाला घड्याळ पुन्हा दान करायचं ठरलं. मी जळगावला जाऊन आलो आणि श्राद्धाच्या दिवशी गुरुजींच्या हातावर एक घड्याळ ठेवलं. अक्काने डोळे पुसले. "सुटनी बाई," म्हणाली. ते नवं होतं, हे तिला कळलं नाही.

जुनं देवघरातल्या कोनाड्यात आहे. हळदीकुंकवाची कोयरी बायकोच्या मागे कुणी उघडलेली नाही. मी हल्ली जरा उशिराच उठतो. ऊन देवघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊ देतो, मग घड्याळ घेतो. किल्लीला हात लावला की बोटांना ओली हळद लागते.