चिखलाचा मावळ

मी रागीट मास्तर होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझ्या रागाचा वाटा आहे. त्याहून मोठा वाटा माझ्या हौसेचा आहे. मास्तरचा राग मुलं विसरतात असं म्हणतात. हौसेपायी जे करून बसलो, ते मलाच आजवर विसरता आलेलं नाही.

माझं घर तळेगावचं. ट्रेनिंग पुरं झाल्यावर शाळांच्या बोर्डानं मला लोणावळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात नेमलं. दुसरं महायुद्ध अजून व्हायचं होतं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तिथं अजून माणसं राहतात. शाळा म्हणजे देवळामागची लांबट खोली आणि तिला लागून एक पडवी. इयत्ता चार, मास्तर एक. पहिलीला पाढे म्हणायला लावून तिसरीला शुद्धलेखन घालावं, तोवर दुसरीत गुद्दागुद्दी सुरू झालेली असायची. भाताची आवणी लागली की निम्मी शाळा खाचरात.

भूगोल शिकवताना माझी फार चिडचिड व्हायची. भिंतीवर तालुक्याचा कागदी नकाशा होता. त्यातली इंद्रायणी मुलांना निळी रेघ वाटायची आणि डोंगर म्हणजे सुरवंट. एकदा एका मुलाला मी विचारलं, आपलं गाव दाखव. त्यानं नकाशाकडे पाठ केली आणि दारातून बाहेर बोट दाखवलं. त्याचंच बरोबर होतं, पण मी त्याला ओणवं उभं केलं.

त्या रात्री मला त्याची लाज वाटली असेल, नसेल, आठवत नाही. एवढं आठवतं की आठवडाभरानं मी मुलांना सांगितलं, उद्या प्रत्येकानं आपापल्या खाचरातली ओंजळभर माती आणायची. पडवीच्या चुन्याच्या भिंतीखाली आम्ही त्या मातीचा चिखल मळला आणि त्यातून मावळ उभा केला. डोंगरांना मुरूम घातला. वलवणच्या धरणाला खापराचा तुकडा उभा रोवला. आगगाडीचा रस्ता म्हणून सुतळी ताणली. औंढे, कान्हे, वडगाव, तळेगाव अशा गावांना खडे बसवले. इंद्रायणीचा चर काढून लोणावळ्याच्या बाजूनं तांब्याभर पाणी सोडलं, तेव्हा ते वळणं घेत तळेगावाकडे निघालं आणि पोरं त्याच्यासोबत ओरडत धावली. पाणी उताराकडे जातं हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. नदीही तेच करते, हे त्या दिवशी कळलं.

या चिखलाच्या मावळावर जीव होता तो चौथीतल्या एका मुलीचा. गावातल्या एका भातशेतीवाल्याची अकरा वर्षांची मुलगी. शाळा सुटली तरी ती पडवीत उकिडवी बसून डोंगरांवरून बोटं फिरवत असायची. एखादा खडा निसटला की आधी तिला कळायचं. कुठलंही गाव विचारा, हात सरळ त्या खड्यावर. वाटेत कुठला ओढा लागतो, कुठला चढ लागतो, सगळं घडाघडा सांगायची. पाढे तोंडपाठ, कविता तोंडपाठ. मी एकदा वाचलेला धडा ती दुसऱ्या दिवशी जशाच्या तसा म्हणायची. माझ्या सगळ्या नोकरीत एवढी हुशार मुलगी मला परत मिळाली नाही.

तिच्या बापाशी माझं बोलणं झालं होतं. मी म्हणालो, "हिला चौथीनंतर थांबवू नका. सातवी करून घेऊ, मग पुण्याला बायकांच्या ट्रेनिंगला पाठवू. मास्तरीण होईल."

तो पागोट्याचा शेव चाळवू लागला. मग म्हणाला, "मास्तर, तुमी म्हनता तर खरंच आसंल. पर घरात लय बोलनी खावी लागत्यात. डिपोटी सायेब येतील तवा त्येंनी पोरगी हुशार हाय म्हनलं, तर म्होरं धाडतो. न्हाई तर न्हाई."

शाळा तपासायला वर्षातून एकदा येणाऱ्या अंमलदाराला सगळे डिपोटी म्हणायचे. म्हणजे त्या मुलीचं पुढचं शिक्षण एका सकाळवर येऊन ठेपलं होतं. मला त्याची काळजी मुळीच नव्हती. तिच्यासारखी मुलगी कुठं अडणार?

नेमका त्याच हिवाळ्यात बोर्डाचा चित्रांचा कंदील आला. पत्र्याची पेटी, आत घासलेटचा दिवा, पुढे भिंगाची नळी. दिवा आणि भिंग यांच्यामध्ये काचपट्टी सरकवली की तिच्यावरचं चित्र समोरच्या पडद्यावर भिंतीएवढं मोठं होऊन पडायचं. तालुक्यात असा एकच कंदील, तो बैलगाडीतून शाळाशाळांत फिरायचा. आमच्याकडे पंधरा दिवस होता आणि त्या पंधरा दिवसांत मी वेडा झालो. काशीचे घाट दाखवले, हत्ती दाखवला, बोट दाखवली. जी मुलं वर्षभर शाळेचं तोंड पाहत नव्हती ती दप्तर नसताना येऊन पुढे बसली. एका तोतऱ्या मुलानं कधी वर्गात तोंड उघडलं नव्हतं, तो हत्ती पाहून सलग तीन वाक्यं बोलला. कंदील चांगलाच होता. आजही मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही.

पण कंदिलाला अंधार लागतो आणि पडदा लागतो. दिवसा अंधार होईल अशी जागा एकच, पडवी. तिच्या उघड्या बाजूला घोंगड्या टांगता येत होत्या आणि आतल्या भिंतीला माझं पांढरं धोतर ओलं करून लावता येत होतं. अडचण एवढीच की भिंतीखाली चिखलाचा मावळ होता. डिपोटी येणार, गाव लोटणार, माणसं बसणार कुठं?

मी फावडं मागवलं.

आमच्या शाळेत दर शनिवारी मुली जमीन सारवायच्या. तो तेव्हाचा रिवाज, मुलगे पाणी आणायचे आणि मुली शेण कालवायच्या. तो दिवस शनिवारच होता. मुलग्यांनी डोंगर खणून सपाट केले आणि सारवायची पाळी त्या मुलीची होती. ती शेणाचं घमेलं घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गुर्जी, ह्यो ऱ्हाऊ द्या की. एका कडंला ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, "लोकांना बसायला जागा करायला हवी. आणि आता चिखल कशाला? पडद्यावर याच्या दसपट मोठा मावळ दाखवतो तुला."

ती खाली बसली आणि मावळ होता त्या जागेवरून तिनं शेणाचा हात फिरवला. तिचं सारवण नेहमी नीट असायचं, बोटांच्या कमानी एकीला एक लागून. त्या दिवशीही तसंच होतं.

दिलेला शब्द मी पाळला. एका काचेवर काजळी धरली आणि सुईनं कोरून मावळचा नकाशा काढला. दोन रात्री जागलो त्यापायी. पडद्यावर तो उमटला तेव्हा सावलीनं काळ्याभोर झालेल्या धोतरावर नदी चांदीसारखी दिसली. स्वतःवरच खूश होऊन मी मुलांकडे वळलो. सगळी आ वासून बघत होती. ती मुलगी मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, रुसली आहे. रुसू दे, म्हटलं, परीक्षेच्या दिवशी हिलाच पुढे काढू.

डिपोटी आले. पडवी भरली. तिचे आईबापही आले होते, आई घोंगडीच्या कडेला पदर धरून उभी. काशी झाली, हत्ती झाला, मग मी माझी काच सरकवली आणि मोठ्या ऐटीत तिचं नाव पुकारलं. "साहेबांना वलवणचं धरण दाखव."

ती उठली. पडद्यापाशी गेली. आणि तिनं दोन्ही हात ओल्या धोतरावर ठेवले. तळवे सपाट करून ती कापडावरून हात फिरवू लागली, वर, खाली, पुन्हा वर. तिच्या हातांची सावली सगळ्या मावळावर पडली. पोरं खदाखदा हसली. मागून एक जण म्हणाला, "धोतर धुतीया व्हय गं?" मग मोठी माणसंही हसली.

डिपोटींसमोर माझी फजिती होत होती. माझ्या हातात दाखवायची छडी होती, ती मी तिच्या बोटांवर मारली. "चेष्टा करतेस? समोर आहे ते दिसत नाही?"

"कुटं हाय, गुर्जी?" ती म्हणाली. "हाताला लागंना."

हसणं थांबलं. डिपोटी खुर्चीवरून उठले, तिच्यापाशी गेले, घोंगडी बाजूला करून उजेड घेतला आणि तिच्या डोळ्यांसमोर बोटं धरून किती आहेत ते विचारलं. तिनं चुकीचं सांगितलं. ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, या मुलीला दिसत नाही. तुमच्या ध्यानात आलं नव्हतं?"

माझ्या नाकावर चष्मा होता. दहा वर्षांचा असल्यापासून मी चष्मा लावत होतो. आणि अडीच वर्षं ती मुलगी पाटी नाकाला लावून लिहीत होती तेव्हा मी तिला मान वर करायला सांगत होतो. मी आत आलो की ती माझ्या खोकल्यानं मला ओळखायची. दिवस कलला की धाकट्या भावाचा हात धरून घरी जायची. धडे पाठ होते, कारण पुस्तक तिला वाचताच येत नव्हतं. हे सगळं माझ्यासमोर रोज होत होतं आणि मी ते हुशारीच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. चिखल तिच्या बोटांना कळत होता, म्हणून तिचं निभत होतं. तो मी तिच्याच हातानं सारवून घेतला.

डिपोटींनी तिची तोंडी परीक्षा घ्यायची तयारी दाखवली. पण तोवर बाप पुढे आला होता. तो रागावला नाही. त्यानं सगळ्यांना हात जोडले, मुलीचा दंड धरला आणि तिला घेऊन गेला. जाताना तिची पाटी तिथंच राहिली.

आठ दिवस माझी हिंमत झाली नाही. मग पाटी परत द्यायचं निमित्त करून तिच्या घरी गेलो. तिची आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "पुण्याला डोळ्यांचे डॉक्टर आहेत, मी स्वतः घेऊन जातो. चष्म्यानं दिसेल कदाचित. आणि शाळेत पाठवा, मी तिला तोंडीच शिकवीन."

तिनं सुपावरून मान वर केली नाही. "मास्तर, मला ठावं हुतं तिचं डोळं. तिच्या बापालाबी धड सांगितलं नव्हतं म्या. लेकीच्या जातीचं आसं चवाट्यावर आलं तर पदरात कोन घील तिला? एवढी वर्सं झाकून धरलं. तुमी समद्या गावाम्होरं दिवा लावून दावलंत." मग म्हणाली, "मागल्या अंगाला हाय ती. पाटी तिलाच द्या."

मी घराला वळसा घालून परसात गेलो. ती उकिडवी बसली होती, माझ्याकडे पाठ करून. समोर जमिनीवर मावळ होता. तिनं एकटीनं केलेला. मुरमाचे डोंगर, खापराचं धरण, ताणलेली सुतळी. आमच्या पडवीत कधी नव्हते असे दोन ओढेही त्यात होते, आणि आमच्या गावाच्या जागी खड्याऐवजी तिनं पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा रोवला होता. एकही गाव चुकलेलं नव्हतं.  बोलायला गेलो आणि नुसताच खोकलो.

त्या खोकल्यानं ती दचकली. "गुर्जी? आलात व्हय?" ती लगबगीनं उठली. कडेला शेणाच्या काल्याचं घमेलं होतं, परस सारवायचं काम तिच्याकडे असणार. तिनं ते ओढून घेतलं.

"थांबा," ती म्हणाली, "तुमाला बसाया जागा करत्ये."

आणि मी तिचा हात धरायच्या आत तिनं धरण, नदी आणि डोंगर सपाट करून त्यावरून सारवण फिरवलं. बोलण्यात रुसवा नव्हता, टोमणा तर नव्हताच. मास्तर आले की मावळ मोडायचा असतो, एवढंच ती माझ्याकडून शिकली होती. मग तिनं चाचपून घोंगडी आणली, ती ओली जागा सोडून अंथरली आणि वाट बघत उभी राहिली.

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की चूक माझी, चल, आपण दोघं तो परत करू. हात माझेही होते. माती तिथंच होती.

मी तिच्या हातात पाटी दिली आणि घोंगडीवर बसलो.