मामंजी आणि माझी गाठ

जगातली कोणतीही काळजी आपल्यावाचून नीट केली जाणार नाही, अशी माझ्या सासऱ्यांची पक्की समजूत होती. मी त्यांना मामंजी म्हणे. शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर, पण पायाला चक्र. शेजाऱ्यांचा पाहुणा मद्रासला निघाला की त्याच्याआधी हे कुंभकोणम स्टेशनवर हजर. एकदा पाहुण्यासाठी खिडकीची जागा धरून बसले आणि पाहुणा खालीच राहिला, हेच मायावरमपर्यंत जाऊन आले. घराणं मराठ्यांच्या काळात तंजावरकडे आलेलं. मी सोलापूरची. त्यांनी पहिल्यांदा "मुली, कापी जाली काय?" असं विचारलं, तेव्हा एखाद्या बखरीतला कारकून कॉफी मागतोय असं मला वाटलं होतं.

लग्नाला तीन-चार वर्षं झाली आणि माझं डोकं दुखू लागलं. पाळीही थांबली. सासूबाईंनी मला मूल देणाऱ्या तिरुक्करुगावूरच्या देवीला नेलं, तिथलं मंतरलेलं तूप खाऊ घातलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र रक्त तपासलं, त्यात एक हार्मोन वाढलेलं निघालं, आणि सांगितलं, मेंदूच्या बुडाशी पिट्युइटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ असू शकेल. मद्रासला जाऊन स्कॅन करा. माझे यजमान नोकरीसाठी तिरुच्चीला, त्यामुळे माझ्याबरोबर मामंजी निघाले. डॉक्टरांपुढे 'पाळी' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. "बायकांचे जें काय असतें, तें..." एवढं म्हणून ते छताकडे बघायचे, आणि पुढचं मी सांगायचे.

पहिल्या अहवालात आलं, लहान गाठीचा संशय आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच स्कॅनची फिल्म पाहून सांगितलं, गाठ नाही, ग्रंथीच जरा फुगीर आहे. पुन्हा स्कॅन केला. त्यात आलं, गाठ नाकारता येत नाही. "नाकारितां येत नाही म्हणजे काय?" मामंजी कडाडले. "आहे म्हणा, नाही तर नाही म्हणा! परीक्षेत पोरानें ऐसें लिहिलें असतें तर मी शून्य दिलें असतें!" घरी आल्यावर ती फिल्म घेऊन ते सकाळी परसात, दुपारी माडीवर, संध्याकाळी ओसरीत, जिथे उजेड असेल तिथे उभे. छाया कुठे गडद, कुठे फिकी, हे पेन्सिलीने कागदावर उतरवून बघत. दारासुरमला जाणाऱ्या बसमधल्या अनोळखी माणसालाही त्यांनी ती खिडकीशी धरून दाखवली. शेवटी बाजारातल्या फोटो स्टुडिओवाल्यालाही विचारलं. तो बिचारा बराच वेळ बघून म्हणाला, "एक्स्पोजर छान आलंय, सार!"

मीही स्वस्थ नव्हते. गाठ वाढली तर आधी बाजूचं दिसेनासं होतं, असं कुणीतरी सांगितल्यापासून मी एकेक डोळा मिटून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचे. मामंजींना तेवढं पुरे झालं. मी रगड्याशी इडलीचं पीठ वाटत असले की ते चोरपावलांनी बाजूला येऊन उभे राहत आणि हात लांब करून विचारत, "बोटें किती?" एकदा मी अशी दचकले की सगळं उडदाचं पीठ त्यांच्या धोतरावर. सासूबाई ओरडल्या, "पोरीला भुतासारखे काय भिववितां?" पण मामंजींना आनंद झाला होता. "तीन म्हणाली! बरोबर म्हणाली!"

अखेर मद्रासच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. मामंजींनी सगळ्या फिल्म टेबलावर पसरल्या आणि विचारलं, "आहे की नाही?"

डॉक्टर म्हणाले, "मला माहीत नाही. नजर ठीक आहे. गोळ्या देतो, रक्तातलं त्या हार्मोनचं प्रमाण उतरलं की झालं. वर्षाने पुन्हा बघू."

"माहीत नाही म्हणावयास इतके शिकले!" जिन्यावर मामंजी पुटपुटले. आणि शेवटच्या पायरीवर थांबून, "परंतु खरे बोलिले."

परतीच्या गाडीत त्यांनी सगळ्या फिल्म पुन्हा पाकिटात घातल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मुली, भय वाटतें काय?" इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मला रडू फुटलं. त्यांना काय करावं कळेना. "मजलाही वाटतें," म्हणाले, आणि पुढच्या स्टेशनवर उतरून दोन्ही हातांत कॉफी घेऊन धावत आले.

गोळ्यांनी आधी फार मळमळलं. मग हळूहळू डोकं दुखायचं थांबलं, पाळी आली. वर्षाने स्कॅन झाला; पूर्वीसारखंच आहे, एवढंच त्यात होतं. गाठ होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही. मूल मात्र झालं नाही.

तिरुविसनल्लूरला एका लग्नात नात्यातल्या एका बाईंनी चारचौघांत मला विचारलं, "अजून काहीच नाही का?" मांडवभर येरझारा घालणारे मामंजी मध्येच येऊन उभे राहिले. "आमची सून बरी जाली," म्हणाले. "आम्हांस तेंच मागावयाचें होतें." आणि मला जेवायला घेऊन गेले.

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. गावातल्या दुधापासून परगावच्या गाड्यांपर्यंत सगळ्याची चौकशी करणारा तो माणूस. पण मूल न झाल्याबद्दल त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. आत त्यांना काय वाटत होतं, ते मीही विचारलं नाही.