पखवाजाची कणीक आणि लाल दिवा

इचोड्याला हमरस्त्यावर आमचं किराणा दुकान, आणि त्याच्या माडीवर माझी खोली. एक कम्प्युटर, दोन स्पीकर, भिंतींना जुन्या गोधड्या. लोकांची भजनं, लग्नाची गाणी रेकॉर्ड करायची आणि ती कुठंही नीट वाजावीत म्हणून शेवटचा हात फिरवायचा, हे माझं काम. बाबांच्या मते ते कामच नव्हतं. त्यांना खोली लसूण ठेवायला हवी होती. चार पोती त्यांनी जिन्यात आणूनही ठेवली होती.

मग तोडगाही त्यांनीच काढला. "आमच्या मंडळाचं भजन तू कर. शुक्रवारी देवळाच्या भोंग्यावर लावू. आवाज फाटला नाही तं खोली तुही. फाटला तं लसूण वर."

बाबा मंडळात पखवाज वाजवतात. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, त्यानं आवाज खोल आणि भरदार होतो. ही कणीक आईनं मळायची, पण थापायची बाबांनीच. दुसऱ्या कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. लहानपणी मी लावलं होतं, त्याचा रपाटा अजून आठवतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी तर त्यांना असा हुरूप चढला की त्यांनी नेहमीच्या दुप्पट कणीक थापली. मशीनला जास्त लागत असेल, असं त्यांनी आपल्याच मनानं ठरवलं.

झालं असं की भजनभर नुसता घुमारा. टाळ, पेटी, गाणाऱ्यांचे गळे, सगळं त्याखाली दबून गेलं. मी आधीच भजनावर झाकण बसवलं होतं, म्हणजे आवाज एका रेषेच्या वर उसळू नये अशी सोय. त्यावर आता फिल्टर लावून खालचा घुमारा छाटायला घेतला. बाबा मागं उभे होते. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बघा, आता हे आवाजाचं मीटर कसं खाली येते ते."

मीटर वर गेलं. लाल दिवा लागला, म्हणजे आवाज फाटायच्या बेतात.

"काऊन वं," बाबा म्हणाले, "कापून राह्यली का वाढवून राह्यली?"

मी आणखी छाटलं, तर दिवा लागायचा तो लागतच राहिला. खरं तर मला घाम फुटायला हवा होता. मला हसू फुटलं. हातची खोली चालली होती आणि मी पोट धरून हसत होते, काही केल्या थांबता येईना.

"हसून काय राह्यली? रडाची वेळ हाय तुही."

हसता हसताच डोक्यात लख्ख उजेड पडला. मी म्हटलं, "बाबा, आपली तागडी आठवा. वजन उचललं की पारडं वर जाते ना? पखवाजाची थाप वर उसळून राह्यली असते, तवा घुमारा तिले कधी कधी खाली ओढून धरते. मी तो घुमाराच काढला. अन् फिल्टर आवाजाले जरासं मागंपुढंही सरकवते, मंग येगयेगळ्या वक्ती उसळणारे सूर एकाच वक्ती उसळतात. चूक माहीच. छाटाचं आधी, झाकण बसवाचं शेवटी. मी उलटं केलं."

बाबांनी मीटरकडं बराच वेळ पाहिलं. "घुमारा मुळातच कमी असता तं?"

"तं इतकं छाटा लागलंच नसतं."

ते खाली गेले. जिन्यात पोतं सरकल्याचा आवाज आला. माझं हसू जागीच विरलं. गेली खोली, म्हटलं, आता या गोधड्याही उतरवायच्या. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

बाबा वर आले ते काखेत पखवाज आणि हातात ताटली घेऊन. पोतं नुसतं वाटेतून बाजूला केलं होतं. ताटलीत कणकेचा गोळा होता. तो त्यांनी माझ्यापुढं धरला.

"किती ठेवाची, तूच लाव."

मी चिमूटभर कणीक लावली, त्यांनी थाप मारली, मी मीटर पाहिलं. अजून थोडी लावली. जास्त झाली, नखानं खरवडली. पुन्हा थाप. थोड्या वेळानं बाबाही हसायला लागले. खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं आणि आम्ही दोघं कोपरापर्यंत कणकेनं माखलेले होतो. संध्याकाळी त्यांनी मंडळाला पुन्हा बोलावलं. या वेळी छाटणी नावापुरती केली, आणि झाकण सगळ्यात शेवटी बसवलं.

शुक्रवारी सकाळी देवळाच्या भोंग्यावर भजन लागलं. मी दुकानाच्या दारात कान देऊन उभी. रस्त्यावरच्या ट्रकांच्या गोंगाटातूनही टाळ वेगळा ऐकू येत होता, पखवाज वेगळा. शेवटपर्यंत कुठंच फाटलं नाही.

आत एक शेतकरी विचारत होता, लसणाची पोती अशी दुकानाच्या मधोमध काऊन ठेवली, माडीवर जागा नाही का.

"नाही," पोत्यावर बसलेले बाबा म्हणाले. "वर पोरीचं काम चालते."