किडीनं सोडलेलं पान

मैनाबाई टेकाम यांची आणि माझी पहिली भेट घाटंजीच्या आठवडी बाजारात झाली आणि त्या भेटीतच त्यांनी मला चारचौघांत झापलं. मी तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो. बाई त्यांच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या पाड्यावरून, काटवलं ही रानभाजी घेऊन आल्या होत्या. मी घासाघीस करून भाव पाडला आणि वजन झाल्यावर वर मूठभर उचलली. बाईंनी माझ्या पिशवीतली सगळी काटवलं परत टोपलीत ओतली. ‘‘जंगलात ये, काटे टोचून घे, मंग उचल मूठभर,’’ म्हणाल्या.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी ‘दोन गोड शब्द’ लिहावेत, असं समितीने मला कळवलं आहे. गोड शब्द मला जमणार नाहीत. बाईंविषयी लिहायला बसलो की मला राग येतो आणि त्यातला बराचसा माझ्यावरच येतो.

कापसाचे ते वाईट दिवस होते. बोंडअळीनं बोंडं पोखरली, जिनिंगला कुलूप लागलं, वेचणीची मजुरी आटली. आम्ही चार बुकं शिकलेले लोक पानठेल्यावर बसून सरकारला शिव्या घालत होतो. ज्यांना आम्ही जन्मभर अडाणी म्हटलं, त्या पोडावरच्या बाया मात्र कामाला लागल्या होत्या. मैनाबाईंनी अकरा जणी गोळा केल्या. मोहफुलांचे लाडू वळायचे आणि पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या तरोट्याची पालेभाजी सावलीत सुकवून पाकिटात भरायची, असं ठरलं. पाकिटावर लिहायला माणूस हवा होता, म्हणून बाई माझ्या दारात आल्या.

‘‘बाबू, रिकामाच हायेस ना? मंग चाल.’’

मी गेलो. तेव्हापासून इतरांसारखा मीही त्यांना माय म्हणू लागलो.

दोनच वर्षांत आमची पाकिटं यवतमाळ, वर्धा करत नागपूरच्या एका मोठ्या दुकानात पोचली. मायचे दंडक कडक होते. नवा पाला गावदेवापुढे ठेवल्याशिवाय खुडायचा नाही. झाड ओरबाडायचं नाही. आणि कपाशीच्या बांधावरचं पान, कितीही कोवळं दिसो, घ्यायचं नाही. पहिले दोन दंडक मला पटत होते. तिसरा म्हातारीचा हट्ट वाटायचा.

मग नागपूरचा निरोप आला. पानांना भोकं असतात, गिऱ्हाईक नाक मुरडतं, स्वच्छ पान पाठवा, दुप्पट माल घेऊ. मी हुरळलो. माय तेव्हा केळापूरकडे नातीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. बायांना मी म्हणालो, भोक नसलेलं पान आणा. रानात तसं पान मिळेना. कपाशीच्या बांधावर मात्र हिरवागार, डागही नसलेला तरोटा ढिगानं उभा होता. तिथूनच खुडा, मी सांगितलं. एक-दोघी कुरकुरल्या. त्यांना मी गप्प केलं, कारण शिकलेला मी होतो ना!

माय परतल्या तेव्हा निम्मा माल नागपूरला गेला होता, निम्मा वाळत होता. त्यांनी एक पान उजेडाकडे धरलं. मग दुसरं. मग तिसरं.

‘‘बाबू, याले कीड काहून नाही लागली?’’

‘‘निवडून घेतलं, माय.’’

‘‘कोठून?’’

मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘जे पान किडीनं सोडलं, ते तू मानसाले खाऊ घालून राह्यला?’’

वाळत घातलेला सगळा पाला त्यांनी खड्ड्यात पुरायला लावला आणि मला घेऊन पहिल्या एसटीनं नागपूर गाठलं. वाटेत पहिल्यांदाच मला कळलं की त्यांचा धाकटा भाऊ मजुरीनं कपाशीवर फवारणी करता करता बांधावरच कोसळला होता. जीव वाचला, नजर गेली. ‘‘औषद कपाशीवरच थांबते असं वाटते का तुले?’’ त्यांनी विचारलं.

दुकानात त्यांनी हात जोडले. ‘‘माल माहा हाय, चूक माही हाय. समदं वापस द्या.’’ दुकानदार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, ‘‘जंगली लोकांशी धंदा केला की असंच होतं.’’ मी खाली वाकून पाकिटं गोणीत भरू लागलो. अपराधी मी होतो, शिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला, आणि जंगली ठरल्या माय. तीन पाकिटं विकली गेली होती. दोन घरांचा पत्ता मिळाला, तिथे चिखल तुडवत गेलो आणि परत आणली. तिसरं कोणी नेलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

परतताना मी म्हणालो, ‘‘माय, माझं नाव सांगायचं होतं.’’

‘‘तुले काढलं तं लिहीन कोन? गप बस, भाकर खा.’’

नागपूर त्या वर्षी बंदच झालं. पुढच्या वर्षी माय स्वतः तिथल्या वस्त्यांमध्ये टोपली घेऊन बसल्या. भोक पडलेलं पान तळहातावर ठेवून म्हणायच्या, ‘‘किडीनं चाखलं हाय, आता तुमी चाखा.’’ बायका हसायच्या आणि घ्यायच्या. आज आमचा माल अमरावतीला जातो, सीमेपलीकडे आदिलाबादलाही जातो. तो माझ्या अक्षरामुळे जात नाही, हे मी इथे लिहून देतो.

आणि आता हैदराबादच्या एका व्यापाऱ्याचं मागणीपत्र आलं आहे. मागणी आजवरची सगळ्यांत मोठी आहे, अट एकच: पान डागाविना हवं. कपाशीवरची फवारणी आता बांध ओलांडून जंगलाला भिडली आहे. तरीही आमच्यातल्याच काहींनी होकाराचा मसुदा तयार ठेवला आहे. या ग्रंथात मायचे गोडवे गाणाऱ्यांपैकी दोघे त्यात आहेत. त्यांनी हे वाचावं म्हणून मी मुद्दाम लिहितो आहे. माझीही खात्री धरू नका. पत्र वाचताना क्षणभर मीही हुरळलो होतो.

म्हणून मैनाबाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असं मी म्हणतो तेव्हा त्यात माझा स्वार्थ आहे. त्यांचे गुडघे साथ देवोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो. मागणीपत्रावरच्या येत्या बैठकीत कोणी ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणालाच आणि तो मीच निघालो, तर या वेळी मला दाराबाहेर काढण्याइतकं बळ त्यांच्या हातांत असो.