भोंगामामाची कुजबुज

त्या दिवशी भोंगा मी वाजवायला लावला. हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या घोरण्याचे प्रकारसुद्धा तोंडपाठ आहेत. ठाऊक होतं ते एकट्या भोंगामामाला. गंमत म्हणजे मामाच्या पोटात काही राहतं, यावर आमच्या कॉलनीत कोणाचाच विश्वास बसला नसता.

मामाला हळू बोलताच येत नसे. तुमसरजवळ चिखला गावाच्या बाजूला मँगनीजची एक लहानशी खाजगी खाण होती, आता बंद आहे. सुरुंग उडवण्याआधी तिथला भोंगा वाजवायचा, हे मामाचं काम. त्या आवाजाखाली उभं राहून राहून स्वतःचे कान अर्धे गेलेले, त्यामुळे सारं जग बहिरं आहे अशा समजुतीनं तो बोले. "कानात सांगतो तुले," म्हणून तो जे सांगे ते कॅन्टीनपर्यंत पोचे. खाणीच्या साहेबांच्या मुलीची सोयरीक मोडल्याची बातमी त्यानं अशीच कानात सांगितली, तेव्हा साहेब पलीकडे भजी खात होते.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. आमच्याकडच्या काही खाणी आणि तुमसरकडचे राईस मिलवाले तेव्हा पगारी बास्केटबॉल टीम पाळत. पाळत, हाच शब्द बरोबर. मस्टरवर आम्ही हेल्पर, काम चेंडू फेकायचं, वर कॅन्टीनचं दूध-अंडं फुकट. खनिज वेचणाऱ्या रेजा बायका आम्हाला 'साहेबाच्या म्हशी' म्हणत. धान घरात आलं की हंगाम सुरू व्हायचा, तो होळीपर्यंत. हंगामात चमकला आणि टीमनं कप आणला, तरच परमनंट. उरलेल्यांनी आपापल्या गावी जायचं. माझं गाव आंधळगाव. तिथे बापाच्या किराणा दुकानातला तराजू माझी वाटच पाहत होता.

टीमला मॅनेजर हवा, तो शिटी वाजवणारा असावा, असं साहेब म्हणाले. काहीही वाजवण्याचा अनुभव खाणीत एकट्या मामाला. पहिल्याच दिवशी त्यानं वर बघून विचारलं, "या टोपल्याले बूड काहून नाही?" दुसऱ्या दिवशी आलो तर दोन्ही जाळ्यांना सुतळीनं बूड शिवलेलं. पहिलाच चेंडू आत गेला आणि वरच बसला. आम्ही शिडी शोधत फिरतोय आणि मामा खुशीत: "आता कसा? पडला का नाही पडला, भांडनच नाही!"

त्याचे डावपेच तर समोरच्या टीमला आमच्या आधी कळत. "त्या टकल्याले डावीकडून दाबा, त्याचा गुडघा दुखून राहिला!" असं तो टाइमआउटमध्ये 'गुपचूप' सांगे, आणि पलीकडून टकल्या ओरडे, "मामा, उजवा दुखते!" सामना हरलो की मामाचं एकच वाक्य ठरलेलं: "पोट्टेहो, साहेबाचं दूध पेले, आता साहेबाची इज्जत पेऊ नका."

भोंग्याच्या बाबतीत मात्र हाच माणूस वेगळा. सुरुंगवाल्या बाबूचा निरोप आला की मामा उठे. निरोप कोणीही आणो, त्याला उलट विचारायचं नाही, ही खाणीची रीत. विचारपूस करताना वेळ गेला तर दगड कोणाच्या तरी डोक्यात. भोंगा झाला की हातातलं टाकून सगळ्यांनी पत्र्याखाली. सामना चालू असला तरी चेंडू जमिनीवर ठेवायचा. दोन्ही टीमा एकाच शेडखाली शेंगदाणे खात बसायच्या, आणि धमाका झाला की खेळ पुढे सुरू.

त्या हंगामाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. पाच फाउल करून मी बाहेर बसलेलो. आम्ही एका गुणानं पुढे, वेळ संपत आलेली, आणि मिलवाल्यांच्या टकल्याला दोन फ्री थ्रो मिळालेले. टकल्या फ्री थ्रो चुकवत नसे. मला तो तराजू दिसला. मी मामाजवळ गेलो आणि म्हणालो, "मामा, बाबूचा निरोप आला. भोंगा द्या."

"आत्ता? अजून टाइम हाय ना रे." पब्लिकच्या गोंगाटात मामाचा आवाजही बुडाला.

"लवकर उडवून राहिले म्हणते."

मामा उठला. भोंग्याच्या निरोपातही खोटं असू शकतं, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

भोंगा झाला. सगळे शेडखाली. शेंगदाणे संपले, टकल्याचे हात बसून बसून आखडले, पण धमाका काही झाला नाही. शेवटी सगळे बाहेर आले. टकल्याचे दोन्ही चेंडू रिंगला लागून परत आले. साहेबांनी कप उचलला, आणि मिलवाले मामाला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची. वेळेवर, खरा भोंगा झाला आणि निम्म्या रेजा जागच्या हलल्याच नाहीत. "आज कोनती म्याच हाय वो, मामा?" म्हणून हसत बसल्या. मामा धोतर सावरत, दगड भिरकावत, आईबहिणीवरून शिव्या देत धावला आणि त्यांना हाकलत शेडखाली नेलं. मागे धमाका झाला. कोणाला खरचटलंही नाही. मामा मात्र शेडखालच्या रेजा पुन्हा पुन्हा मोजत राहिला.

ऑफिसात बोलावणं आलं. बाहेर उभं राहून आम्ही ऐकलं, कारण मामाचं बोलणं ऐकू न येण्याची सोयच नव्हती: "कोनाचा निरोप नोयता, साहेब. माह्यीच चूक." त्याला भोंग्यावरून काढून बगिच्यात झाडांना पाणी घालायला लावलं. पायऱ्यांवर मी म्हणालो, "मामा, मी सांगतो साहेबांना." त्यानं माझा दंड धरला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुजबुजला. इतकं हळू, की मला वाकावं लागलं.

"तुले परमनंट व्हायचं हाय ना? मंग चूप राय."

मी चूप राहिलो. परमनंट झालो. आणि पोरं मामाला 'खोटा भोंगा' म्हणत बगिच्यावरून पळत, तेव्हाही चूपच राहिलो.

काही वर्षांनी मामा करडीला, आपल्या गावी गेला आणि तिथेच वारला. तेरवीला मी गेलो होतो. पंगतीत शेजारचा म्हणाला, "मानूस भला होता बावा, पन म्याचपायी भोंगा खोटा वाजवला त्यानं." मामाचा मुलगा समोरच बुंदी वाढत होता. त्यानं ऐकलं, मान खाली घातली आणि माझ्या पानावर बुंदी वाढली. मी ती खाल्ली.

तो मुलगा अजून करडीलाच आहे. तुझा बाप खोटा नव्हता, खोटा मी होतो, हे त्याला चारचौघांत, मामाच्या आवाजात सांगणं माझ्याकडे बाकी आहे.