शेवटपर्यंत बघितल्याशिवाय पाठवत नाही

स्वतःच्या हातानं बनवलेलं सांगतो. वडवणीतल्या माझ्या दुकानातलं पाण्याच्या मोटारीची कॉइल गुंडाळायचं मशीन, जुन्या मोपेडवर बसवलेला फवारा, आईच्या बाजेला उठताना धरायचा दांडा... आणि 'रविवारचं' नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. यातलं काहीच कुणी शिकवलं नाही.

ग्रुपवर दर रविवारी एकच गोष्ट टाकतो. विचार करायला लावेल असा लेख, नाहीतर व्हिडिओ. आधी स्वतः शेवटपर्यंत बघतो, मग माझ्या आवाजात त्याचं सार सांगतो. ग्रुपमधली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात... फडात व्हिडिओ चालत नाही, आवाज पोचतो.

दसऱ्याच्या आधी एका डॉक्टरबाईंची मुलाखत टाकली. गर्भाशय, म्हणजे आमच्याकडं जिला पिशवी म्हणतात ती, कधी काढावी आणि कधी काढू नये, यावर. असलं बायकांपुढं कसं बोलावं... रेकॉर्ड करून कितीदा तरी पुसलं.

दुसऱ्या दिवशी जना दुकानात आली. आमच्या गल्लीतली सून, तिशीतली. ऊसतोडीची टोळी निघायच्या आत पिशवी काढून टाकायचं तिचं ठरलं होतं. आमच्याकडं कितीतरी जणी काढतात... दुखण्यानं खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून.

"दादा, तुमी बोललेलं सासूला बी ऐकवलं. ती म्हनती, मोटारवाल्याला काय कळतंय. मंगळवारी ॲडमिट व्हायचंय... जाऊ का न्हाई?"

सासूचं खरंच होतं. मी म्हणालो, "मला यातलं कळत नाही. पण मोटार उघडून मालकाला दाखवल्याशिवाय मी आतलं काही काढत नाही. अजून एका डॉक्टरला दाखव."

सासूला घेऊन ती अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेली. तपासण्या झाल्या. काढायची गरज नव्हती, औषधावर भागलं.

परवा फडातून तिचा आवाज आला, बरी आहे म्हणून. मागून सासू बोलत होती, "त्या मोटारवाल्याला म्हनावं, पुढचं कवा टाकतो."

यात माझं काही नाही. त्या डॉक्टरबाईंना मी कधी भेटलो नाही, भेटणारही नाही... पण त्यांचा ऋणी आहे.

काल एका खासगी दवाखान्याचा माणूस आला. त्यांच्या ऑपरेशनच्या जाहिराती रविवारी टाकायच्या, माझ्या आवाजात... बाया तुमचं ऐकतात म्हणाला. आधी बघू द्या म्हणालो, तर म्हणे, त्यात काय बघायचंय.

महिन्याला पंधरा हजार देत होता. मी नको म्हणालो.